कारण कच्चं दिलंय

लेखात म्हटलंय की एलएचसीमध्ये (जिनिव्हाजवळचं, सूक्ष्म कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारं महाकाय यंत्र) सूक्ष्म कृष्णविवर तयार झालंच तर हॉकिंग रेडिएशनमुळे (सिद्धांतानुसार कृष्णविवरातून बाहेर पडणारी ऊर्जा) ते क्षणात विरून जाईल, म्हणून घाबरायचं कारण नाही. निष्कर्ष बरोबर आहे पण कारण कच्चं दिलंय, कारण कृष्णविवरातून निघणारं हॉकिंग रेडिएशन अजून कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मी इथे सोलापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, हे उत्तर दिलं की एखादं पोरगं लगेच विचारतं, "सर, आणि नाही विरलं तर?" रास्त प्रश्न आहे!

खरा भक्कम पुरावा कॉस्मिक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येऊन आदळणाऱ्या वेगवान कणांचा. एलएचसीत १३.६ टीईव्हीची (टीईव्ही म्हणजे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) टक्कर होते, त्याहून जोरदार टकरी आपल्या वातावरणात अब्जावधी वर्षं होतायत आणि पृथ्वी आहे तिथेच आहे. आता कुणी म्हणेल की तिथली विवरं वेगामुळे पृथ्वीतून आरपार निघून जात असतील, तर २००८ मध्ये गिडिंग्ज आणि मँगानो या भौतिकशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं, श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे (विझलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे) इतके घन असतात की विवर त्यात अडकलंच असतं आणि त्याने तारा गिळला असता, पण असे जुने तारे आजही शाबूत दिसतात. एवढं तरी लेखात हवंच होतं. त्याच वर्षी मशीन सुरू होताना चॅनेलवाल्यांनी जगबुडी लावून धरली होती, वर्गातली पोरं खरोखर रडवेली झाली होती हो.