कापसाचा बोळा आणि सकाळी थांबणारी शिट्टी : फोंड्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. आरतीच्या वाद्यांचा आवाज आणि कानांची इजा यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया झोंबरी आहे, पण ती हातात घुमट (मातीच्या घड्यावर चामडे ताणलेले गोव्याचे वाद्य) घेणाऱ्या माणसाची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचे म्हणणे थोडक्यात असे : ८५ डेसिबलचा आकडा कारखान्यांचा, तो चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीला लावणे हास्यास्पद. आजोबांनी जन्मभर घुमट वाजवले, कोणी बहिरे झाले नाही. कान सरावतात, वाजवल्यावर कानात वाजणारी शिट्टी सकाळपर्यंत थांबते. इअरप्लग घातला की ताल हरवतो, आणि लागलाच तर कापूस पुरतो.

पहिला मुद्दा मान्य. ८५ डेसिबल, रोज ८ तास, ही अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेची कामगारांसाठीची शिफारस आहे. लेखात ती सुरक्षिततेची रेघ असल्यासारखी आली, ती चूक माझी. पण ही मर्यादा पाळूनही ४० वर्षांच्या नोकरीत शंभरातल्या साधारण आठ जणांचे कान आवाजापायी अधू होतात, असा त्याच संस्थेचा १९९८ चा हिशेब आहे. म्हणजे आकडा तुम्हाला जाचक वाटतो, प्रत्यक्षात तो सैलच आहे. करमणुकीच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल धरते.

आता ‘कान सरावतात’. इथे मात्र माझा ठाम विरोध. मोठ्या आवाजाला मध्यकर्णातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि थोडा आवाज अडवतो, हे खरे. पण तो खर्जातला आवाज अडवतो, कासाळ्यांच्या, म्हणजे मोठ्या झांजांच्या, खणखणाटाला त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय त्याला आखडायला क्षणभर लागतो, तोवर थाप आत पोचलेली असते. तुम्ही ज्याला सराव म्हणता, तो बहुतेक वेळा कान तात्पुरता मंदावल्याचा प्रकार असतो. आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी दमतात, म्हणून दुसऱ्या तासाला आवाज कमी वाटतो आणि हात आणखी जोरात पडतो. सकाळी ऐकू पूर्ववत येते, पण सगळे भरून आले असे त्यावरून ठरत नाही. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणपातळी मूळपदावर आली, पण उंच स्वरांच्या भागात केसपेशी आणि मज्जातंतू यांचे जवळपास निम्मे सांधे कायमचे तुटले होते. माणसात हे किती प्रमाणात होते यावर वाद आहे. केसपेशी मात्र माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, यावर कोणाचाच वाद नाही.

आजोबांबद्दल एवढेच : त्यांना ‘कमी ऐकू येते’ हे घरोघरी वयावर ढकलले गेले, तपासणी कोणी केली? आणि ते वाजवत ते मंगळुरी कौलांच्या, उघड्या खिडक्यांच्या घरात. आज तीच पाच घुमटे, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे नगाऱ्यासारखे वाद्य) आणि कासाळे स्लॅबखाली, गुळगुळीत फरशीवर, एसीसाठी खिडक्या लावून वाजतात. आवाजाला बाहेर पडायला वाट नाही, तो भिंतींवरून परतत राहतो. त्यात स्पर्धेसाठी महिनाभराचा सराव. फुकटचा उपाय हाच : खिडक्या उघडा, कासाळेवाल्याला कोपऱ्यात उभा करू नका, दोन भिंतींचा आवाज तिथे एकत्र येतो. दर तासाला दहा मिनिटे सगळ्यांनी बाल्कांवात (ओसरीवर) जाऊन बसा, तिथे मोबाइलवर गाणी न लावता.

कापूस विसरा. तो जेमतेम काही डेसिबल तोडतो, आणि कानाला संरक्षण आहे या भरवशावर माणूस स्पीकरच्या आणखी जवळ उभा राहतो. फोमचा प्लग घ्या, पण घालायचा नीट. हात धुवा. समईची वात वळतो तसा तो बारीक, सुरकुती न पडता वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि बोटाने तीसेक सेकंद दाबून धरा. आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा आला की बसला. मग दोन्ही तळवे कानांवर दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा घाला. पाकिटावर एनआरआर (प्लग किती आवाज तोडतो त्याचा अंक) ३३ लिहिले असेल तर ३३ डेसिबल धरू नका. त्यातून ७ वजा करून निम्मे करा, १३ उरतात.

ताल हरवण्याची तक्रार खरी आहे. फोम उंच स्वर जास्त खातो, मग शामेळाची काठी मुकी होते आणि नुसता घुमटाचा घुमारा उरतो. वाजवणाऱ्यांसाठी फिल्टरवाले ‘म्युझिशियन’ प्लग येतात. ते सगळे स्वर जवळपास सारखेच, १५ डेसिबलच्या आसपास, खाली आणतात. पहिल्यांदा ते चवथीच्या दिवशी घालू नका. दोन आठवडे आधी सरावात घाला, नाहीतर पाचव्या मिनिटाला काढून खिशात टाकाल.

आणि तेच महागात पडते. समजा कानाशी १०३ डेसिबल आहे आणि आरत्या-फुगड्या मिळून ४ तास. प्लगने १५ तोडले, कानात ८८ पोचले. ८५ ला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, त्यामुळे ८८ ला दिवसाचा कोटा बरोबर ४ तास. पण १०३ ला तो साडेसात मिनिटे. मध्येच कोणाशी बोलायला पंधरा मिनिटे प्लग काढलात, तर त्या पंधरा मिनिटांतच दोन दिवसांचा कोटा संपला. बोलायचे तर आधी अंगणात जा, मग प्लग काढा.

‘दहाचा नियम आहेच ना’ असेही तुम्ही लिहिले आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी शेजाऱ्याच्या झोपेसाठी आहे. मोजणी हद्दीवर होते. शिगम्याच्या मिरवणुकीत संध्याकाळी सहा वाजता स्पीकरच्या ट्रकमागे खांद्यावर बसलेल्या पोराच्या कानाची ती काळजी घेत नाही. त्या पोराला प्लग नको, कान पूर्ण झाकणारे इअरमफ घाला.

शिट्टी २४ तासांत थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, आणि एका कानाने अचानक कमी ऐकू आले तर त्याच दिवशी, कारण औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच असतो. ऑडिओग्राम (कोणत्या स्वराला किती ऐकू येते याचा आलेख) सरावाच्या दुसऱ्या दिवशी काढू नका, आधी किमान १४ तास शांतता हवी. ३, ४ आणि ६ किलोहर्ट्झ तिन्ही तपासायला सांगा. मोठ्या आवाजाने आलेखात पडणारा खड्डा बहुधा तिथेच असतो.

तुमच्या पथकाचा आवाज खरोखर किती, हे मोजूनच ठरेल. आवाज मोजणाऱ्या मोबाइल अ‍ॅपमध्ये ‘ए’ (माणसाच्या कानाला जुळवलेली मोजपट्टी) आणि सरासरी निवडा, फोन कानाच्या उंचीवर धरा आणि एक पूर्ण आरती मोजा. १०० च्या वर बऱ्याच फोनचा माइक गुदमरतो, तेव्हा आकडा तिथेच अडकला तर खरा आवाज त्याहून जास्त धरा. मोजलात तर इथे लिहा, कासाळेवाल्याच्या कानाजवळचा आकडा वेगळा द्या.