पुरीची रथयात्रा: पहिल्या दिवसाचा हट्ट कशाला?

पुरीला जायचं ठरलं की बहुतेक जण आषाढ शुद्ध द्वितीयेचंच, म्हणजे रथयात्रेच्या पहिल्या दिवसाचंच तिकीट काढतात. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर माझं ऐका, दशमीला पोचा.

दशमीला बाहुडा यात्रा, म्हणजे देवांचा परतीचा प्रवास. तेच तीन रथ, तोच सुमारे तीन किलोमीटरचा बडदांड हा मोठा रस्ता, फक्त गुंडिचा मंदिराकडून जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वाराकडे. एकादशीला सिंहद्वारासमोर रथांवरच देवांना सोन्याचे दागिने चढवतात, तो सुनाबेश. गर्दी तेव्हाही लाखांत असते, पण रथ जागेवर उभे असतात, दोरासाठी झोंबाझोंबी नसते आणि रांग पुढे सरकत राहते. त्याच दिवशी पंढरपूरची आषाढी, त्यामुळे वारकरी घरांत पेच पडणार, त्याला माझ्याकडे उपाय नाही!

द्वितीयेलाच जायचं असेल तर एवढं पक्कं ध्यानात ठेवा: छापील वेळापत्रक पहंडीच्या, म्हणजे देवांना मंदिरातून रथापर्यंत आणण्याच्या विधीच्या हातात असतं. डोक्यावर फुलांचा भलामोठा तहिया घातलेले देव झुलत झुलत रथापर्यंत येतात, आणि तिथे उशीर झाला की पुढचं सगळं घसरतं. मग पुरीचे राजे गजपती महाराज यांचं छेरा पहँरा, म्हणजे सोन्याच्या झाडूने रथ झाडणं. मग शिड्या काढायच्या, लाकडी घोडे जोडायचे, तेव्हा कुठे ओढणं सुरू. आधी बलभद्रांचा तालध्वज, मग सुभद्रेचा दर्पदलन, शेवटी जगन्नाथाचा नंदिघोष. सूर्य मावळला की रथ असेल तिथेच थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुढे जातो. त्या रात्रीची परतीची गाडी धरणारे इथेच फसतात.

नंदिघोष सुमारे 45 फूट उंच, 16 चाकांचा, आणि त्याला सुकाणू नाही. दोराच्या एका बाजूने जोर जास्त लागला की रथ रस्त्याच्या कडेला सरकतो. थोपवायला चाकांखाली ओंडके टाकतात, आपल्या जळगावच्या रथोत्सवात मोगरी लावतात तसंच. सरळ करून पुन्हा ओढला की एकदम हिसका बसतो, पुढचे लोक मागे रेटतात. म्हणून दोराला हात लावायचा तर टोकाकडे लावा, दोर आणि चाकं यांच्यामधे कधीच शिरू नका. ज्येष्ठांसाठी बडदांडावरच्या गच्चीची जागा आधीच ठरवा. महाग पडते, पण पैसे वसूल. वर शौचालय आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा, कारण एकदा रस्ता भरला की खाली उतरता येत नाही.

पायात पट्ट्याचे सँडल घाला, चप्पल पहिल्याच रेट्यात जाते. पाणी आणि ओआरएस जवळ हवंच, जून-जुलैतली पुरीची दमट हवा भल्याभल्यांना आडवं करते. फोन लागत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते सकाळीच ठरवा.

आणि जगन्नाथ मंदिराच्या आवारातल्या आनंदबाजारातला महाप्रसाद? देव त्रयोदशीला नीलाद्री बिजे, म्हणजे मंदिरप्रवेश करून गाभाऱ्यातल्या रत्नसिंहासनावर परततात, तोवर तो मिळत नाही. हवा असेल तर मुक्काम चतुर्दशीपर्यंत वाढवा.