आधुनिक काळ कुणापासून मोजायचा?

दिवाळीच्या फोनवर दादाने पुन्हा तेच काढलं. भारतीय क्रिकेटचा आधुनिक काळ २००८ पासून, आयपीएल आली तेव्हापासून मोजायचा. त्याआधीचं सगळं फोटो लावून ठेवण्यापुरतं. मी म्हटलं, कुणाला खेळू दिलं जात होतं ते आधी बघ. तर म्हणतो, "तिकडे राहून तुला जात दिसायला लागली का रे?" आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

हाच वाद इथे अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावात, आम्ही अमेरिकन फुटबॉलवरून दर शनिवारी टेलगेटला, म्हणजे सामन्याआधी स्टेडियमबाहेर गाड्यांपाशी जमून खाता-पिताना घालतो, आणि पुण्यापेक्षा जास्त विचार करून घालतो. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना १८६९ चा, रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांचा. एकेका बाजूला पंचवीस जण. त्याला आधुनिक कुणीच म्हणत नाही. शेजारचे निवृत्त मास्तर १९०६ वर ठाम आहेत. आदल्या हंगामात मैदानावर पोरं दगावली होती, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विद्यापीठवाल्यांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं होतं. मग फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकायची मुभा, नियमात आला आणि खेळच बदलला. त्यांचा जावई १९३६ धरतो, एपी या वृत्तसंस्थेची संघांची क्रमवारी सुरू झाली ते वर्ष. ऑफिसातली पोरं २०१४ च्या प्लेऑफपलीकडे, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी आली त्याच्या मागे जातच नाहीत. दादासारखा पैशाचाच हिशेब लावायचा, तर १९८४ धरा: सुप्रीम कोर्टाने टीव्हीच्या हक्कांवरची एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेची, पकड मोडली.

माझं वर्ष १९७०. १२ सप्टेंबरला दक्षिणेतल्या बर्मिंगहॅममध्ये कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठाने अलाबामा विद्यापीठाला ४२-२१ असं हरवलं. सॅम कनिंगहॅम हा यूएससीचा कृष्णवर्णीय फुलबॅक चेंडू घेऊन १३५ यार्ड धावला, आणि समोर मैदानात उतरलेला अलाबामाचा अख्खा संघ गोरा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत दक्षिणेतल्या बड्या संघांची दारं उघडली. त्याआधी तिथले 'सर्वोत्तम' म्हणजे ज्यांना आत घेतलं त्यांच्यातले सर्वोत्तम.

उत्तरेनेही छाती फुगवू नये. १९३४ मध्ये दक्षिणेतल्या जॉर्जिया टेकला समोर कृष्णवर्णीय विलिस वॉर्ड नको होता, आणि मिशिगनने आपल्याच या खेळाडूला, आपल्याच मैदानावर, खेळवलं नाही. तो सामना आपण ९-२ असा जिंकलो. त्या हंगामातला आपला एकमेव विजय तो.

'आपण' लिहून गेलो. वीस वर्षांपूर्वी मी 'हे लोक' म्हणत असे. कधी बदललं ते आठवत नाही. पुण्यात गेलो की मात्र 'तुमच्याकडे' असं तोंडून निघतं आणि वहिनीचा चेहरा उतरतो.

खरं सांगतो. वॉर्डबद्दल वाचल्यावरच मी पालवणकर बाळू या जुन्या क्रिकेटपटूपर्यंत पोचलो. ज्या गावात मी वाढलो, तिथल्याच क्लबाच्या नेटमध्ये हा चांभाराचा मुलगा गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करत असे. पुण्याच्या हिंदू संघाला त्याची फिरकी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. मुंबईच्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. भारतीय क्रिकेटचा आधुनिक काळ मी तिथून मोजतो, मग दादाला ते जातीचं राजकारण वाटो. हे नाव मला शाळेत कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मिशिगनच्या बर्फात बसून ते कळावं लागलं, याची लाज वाटते.

दादाचं वाक्य लागलं ते त्यामुळेच. जात मला इथे आल्यावर दिसली हे खरं आहे. पण ती तिथेच होती. आजीच्या स्वयंपाकघरात, मोरीवरच्या कोनाड्यात, धुण्याच्या बाईंची कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असायची. आम्ही दोघं भाऊ रोज तिच्यासमोर हात धुवायचो.

ती कपबशी दादाला आठवते का, हे फोनवर विचारायचा धीर झाला नाही. रविवारी पुन्हा फोन आहे. या वेळी विचारणार आहे.