किडनीच्या भीतीने ताटातली भाकरी काढू नका

काकूंच्या ताटातून गेल्या महिन्यात ज्वारीची भाकरी गेली. सकाळी चहाबरोबर खारी आणि दुपारी नुसता पांढरा भात सुरू झाला. कारण फोनवर फिरणारा निरोप: ‘शुगरमुळे किडनी कमजोर झाली असेल तर फायबर ताबडतोब बंद करा. चोथा गाळून गाळून किडनी थकते. भाकरी-डाळीत पोटॅशियम आणि फॉस्फरस असतं, त्यापेक्षा मैदा आणि भात हलका. फायबरने पोट साफ होतं, किडनीला त्याचा काही उपयोग नाही.’ काकूंना १४ वर्षं डायबेटिस आहे, लघवीतून प्रोटीन जातं. त्या घाबरल्या तर नवल नाही. पण या निरोपातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

पहिलं, चोथा गाळण्याचं. किडनी रक्त गाळते. फायबर आपल्या पचनरसांनी पचत नाही, म्हणून ते रक्तात शिरतच नाही. लहान आतड्यातून पुढे सरकून मोठ्या आतड्यात जातं. जे रक्तात नाही, ते किडनी गाळणार कुठून?

‘किडनीला उपयोग नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण खरी गोष्ट नेमकी उलट आहे. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना फायबर मिळालं की ते आंबवून त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याचं अस्तर त्यांवर पोसलं जातं. फायबर कमी पडलं की हेच जिवाणू उरलेल्या प्रोटीनकडे वळतात. त्यातून इंडोल आणि पी-क्रेसॉल निघतात आणि यकृतातून जाताना त्यांची इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट अशी विषारी रूपं होतात. ती बाहेर टाकायचं काम किडनीचं. रक्तातल्या प्रोटीनला ती इतकी चिकटून राहतात की डायलिसिसनेही नीट निघत नाहीत. म्हणजे चोथा बंद करून किडनीचं काम कमी होत नाही, वाढतं.

शिवाय शुगर आहेच. २००० साली अमेरिकेत टाइप २ डायबेटिसच्या १३ रुग्णांना सहा आठवडे रोज २४ ग्रॅम आणि सहा आठवडे ५० ग्रॅम फायबर असलेला आहार देऊन पाहिला. ५० ग्रॅमच्या आहारावर दिवसभरातली शुगर सुमारे १० टक्क्यांनी कमी राहिली. प्रयोग लहान होता, हे मान्य. पण डायबेटिसमध्ये किडनी बिघडते ती मुख्यतः वर्षानुवर्षं चढलेल्या शुगरने आणि बीपीने, हे लक्षात घेतलं तर त्याचं मोल कळतं.

आता पोटॅशियम-फॉस्फरस. इथे थोडं तथ्य आहे. किडनीचा आजार पुढे गेला की रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि ते हृदयाला धोक्याचं असतं. भाकरीत भातापेक्षा पोटॅशियम जास्त हेही खरं. पण किती? ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १६० मिलिग्रॅम. एका मध्यम केळ्यात त्याच्या दुपटीहून जास्त. आणि बद्धकोष्ठ झालं की शौचावाटे जाणारं पोटॅशियमही अडतं, ते कुणी सांगत नाही. धान्य-डाळींतलं बरंचसं फॉस्फरस फायटेट नावाच्या, आपल्याला नीट न पचणाऱ्या घटकात अडकलेलं असतं, आपलं आतडं त्यातलं निम्म्याच्या आतबाहेरच घेतं. कोला, प्रोसेस्ड चीज, बेकिंग पावडरचे केक यांत घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं. आणि ज्याला हा निरोप ‘हलका’ म्हणतो, त्या मैद्यात १०० ग्रॅमला जेमतेम ३ ग्रॅम फायबर, ज्वारीत सुमारे १० ग्रॅम. खारीतलं मीठ आणि तूप-डालडा वेगळंच.

याचा अर्थ किडनीवाल्याने मूठमूठ इसबगोल घ्यावं असा नाही. इसबगोलाला भरपूर पाणी लागतं, आणि ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शहाळं आणि ‘लो सोडियम’ मीठ (त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं) यांचंही तसंच. फायबरने बिघडलेली किडनी पूर्ववत होत नाही. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या सोडण्याचं ते निमित्त होऊ नये. पोटॅशियमचा रिपोर्ट पाहून भाजी ठरवायची, निरोप वाचून नाही.

काकूंना आम्ही आहारतज्ज्ञांकडे नेलं. पोटॅशियम ४.६ निघालं, म्हणजे नेमकं हवं तेवढं. महिनाभराच्या भाताने जेवणानंतरची शुगर २४० वर गेली होती आणि पोट तीन-तीन दिवस साफ होत नव्हतं. आता दुपारी दीड भाकरी, वाटीभर मुगाचं वरण आणि दुधीची भाजी असते. मीठ कमी, शहाळं बंद. खारीचा पुडा त्यांनी स्वतःच शेजारी देऊन टाकला.