आणि खरी तारीख?

केवायसी करा नाहीतर खातं गोठवू, असा बँकेचा मेसेज आला म्हणून गेलो. टोकन घेतलं, ताटकळलो. हे सगळ्यांचंच होतं, त्यात नवल नाही. माझा नंबर आला, काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म ओढला, जन्मतारखेच्या चौकटीवर पेन टेकवलं आणि म्हणाल्या,

"एक जून. बरं काका, आणि खरी?"

"हीच खरी."

"कागदावर हीच ठेवू आपण. मी आपलं सहज विचारलं."

सहज! एक जूनला जन्मलेल्या माणसाला महाराष्ट्रात हा प्रश्न न्हाव्यापासून व्याह्यापर्यंत सगळे सहजच विचारतात. कारणही सगळ्यांना पाठ आहे. पूर्वी पोरं घरी जन्मायची, नोंद कुणी करायचं नाही, आईला विचारलं तर "मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली, बेंदराच्या सुमारास" असं उत्तर. शाळा जूनमध्ये उघडायची, रजिस्टरात तारीख तर घालायलाच हवी. मग गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, सहा वर्षं मागे मोजायचे आणि १ जून ठोकून द्यायचे. पुढे आधारवाले आले, त्यांनी फक्त वय सांगणाऱ्यांना १ जानेवारी वाटली. पण मान एक जूनचाच.

माझं तसं नाही हो. मी १ जून १९७५ ला नगरपालिकेच्या दवाखान्यात जन्मलो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, म्हणजे मी अगदी कायदेशीर जन्मलोय. दाखला आहे, त्यावर गोल शिक्का आहे, तो काढून मी काउंटरवर ठेवला. मॅडमनी तो हातातही घेतला नाही. घेतला तो माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी.

पांढरा सदरा, कापडी पिशवी, पेन्शनचं पासबुक, चष्मा कपाळावर. दाखला लांब धरून, मग जवळ धरून त्यांनी वाचला. "मी निवृत्त मुख्याध्यापक," ते म्हणाले. "पाचशे-सहाशे पोरांची एक जून मी या हातांनी लिहिलीय. तुमची कुणी लिहिली?"

"कुणी नाही. मी जन्मलो."

"हेडमास्तर कोण होते?"

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणतात," त्यांनी मॅडमना कळवलं. मॅडमनी मान हलवली, जणू माझ्या केवायसीचं हेही एक कलम होतं. "आई काय सांगायची? आंबे होते?"

"होते."

"हापूस का रायवळ?"

"गुरुजी, मी तेव्हा जन्मण्यात गुंतलेलो होतो."

"मृग निघाला होता?"

"मृग सात जूनला निघतो."

"तेच म्हणतो मी. मग तुमच्या आईला पाऊस कसा आठवतो?"

"आईला पाऊस आठवतो असं मी म्हटलंच नाही!"

"सगळ्यांच्याच आईला पाऊस आठवतो." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही अश्विनातले. कोजागरीच्या आगेमागे. चण सांगते."

रांग आता रंगली होती. ज्यांचा नंबर अजून पंधरा टोकनं लांब होता तेही खुर्च्या सोडून जवळ आले. मग मीही इरेला पेटलो आणि मोठी माणसं बाहेर काढली. एक जूनवाल्याला ही यादी तोंडपाठ ठेवावी लागते. नर्गिस, म्हटलं, १ जून १९२९! आणि त्याच दिवशी, त्याच साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली!

"कंपनीची कागदपत्रं असतात," गुरुजी म्हणाले. "नटीचं मी काही बोलत नाही."

मेरिलिन मन्रो, १ जून १९२६.

"त्यांच्याकडे शाळा जूनलाच उघडतात?"

"नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात."

गुरुजींनी क्षणभर हिशेब केला. "मग तिची खरी असणार."

म्हणजे बघा. हॉलिवुडच्या नटीची खरी, आणि दाखला समोर धरून उभा असलेला मी कोजागरीचा! मी सत्येंद्रनाथ टागोर काढले. १ जून १८४२. रवींद्रनाथांचे थोरले बंधू, पहिले भारतीय आयसीएस, आपल्या साताऱ्याला जज्ज होते, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. तुकोबांचं नाव निघताच गुरुजींनी हात जोडले. "ते टागोर. त्यांच्या घरी टिपण असणार."

"माझ्याकडे दाखला आहे!"

"दाखला काय, मागनंही निघतो."

शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणजे कर्णम मल्लेश्वरी. माझीच तारीख, माझंच साल. २००० साली सिडनीत तिने कांस्यपदक मिळवलं, ऑलिंपिक पदक आणणारी पहिली भारतीय स्त्री. तेव्हा टीव्हीसमोर माझीही छाती फुगली होती. गुरुजींनी एवढंच विचारलं, "खेड्यातली?" मी म्हटलं, आंध्रात श्रीकाकुळमकडची. त्यांनी समाधानाने मॅडमकडे पाहिलं. "तिकडेही असतात आमच्यासारखे."

मागून कुणीतरी म्हणालं, माधवनपण एक जूनचाच. तो कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला म्हणून मला त्याचा विशेष अभिमान. "हो, १९७० चा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा," असं मी बोलून गेलो. मॅडमनी त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मोठा?" त्या म्हणाल्या. पुढचं कुणीच काही बोललं नाही.

जाता जाता मी गुरुजींना त्यांची तारीख विचारली. "पंधरा ऑगस्ट. योगी अरविंदांची. मी रीतसर अर्ज देऊन बदलून घेतली."

गणितवाले म्हणतात, २३ माणसं जमली की त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. त्यांनी सरकारी कचेरी पाहिलेली नाही. आमच्याकडे टपरीवर तिघं चहाला उभे राहिले तरी दोघं एक जूनचे निघतात. त्यात नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला निरोपसमारंभ घाऊक होतात, शाली गठ्ठ्याने येतात आणि साहेब एकाच्या आयुष्यातले प्रसंग दुसऱ्याच्या नावावर सांगतात. माझाही असाच होणार. वर दोन जूनवाल्यापेक्षा महिनाभराची नोकरी बुडणार ती वेगळीच, म्हणजे ज्यांनी तारीख लिहून घेतली त्यांच्या बरोबरीने मीही, तिच्यावर प्रामाणिकपणे जन्मून.

एसटीची पहिली गाडी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला सुटली ती १ जून १९४८ ला. तिला कुणी विचारतं का, बाई गं, खरी कधीची? डेक्कन क्वीन १ जून १९३० ची. तिच्यासाठी पुणे स्टेशनवर दर वर्षी प्रवासी केक कापतात, पेपरात फोटो येतो. लोखंडाच्या जन्मतारखेवर या राज्याचा विश्वास आहे.

आमच्या ऑफिसात एक जूनवाल्यांना मिळून एकच केक. गेल्या वर्षी सगळ्यांची नावं मावेनात म्हणून बेकरीवाल्याने नुसतं 'हॅपी बर्थडे ऑल' लिहून दिलं. मेणबत्ती एकत्र फुंकून झाली, केक कापून झाला, मला कोपऱ्यातला, क्रीम नसलेला तुकडा आला. मग बेकरीचा पोऱ्या बिल घेऊन दारात उभा राहिला, तशी सगळी एक जून माझ्याकडे वळली. "आमचे काय, मास्तरांचे," हेडक्लार्क म्हणाला. "खरा वाढदिवस तुझाच."