खालिदला हाकला, पण मग आणायचा कोण?

ढाक्यात भारत फुटबॉलमध्ये हरला त्याच्या दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर दुसरा कुठला विषय निघणं शक्यच नव्हतं. 18 नोव्हेंबर 2025 ची मॅच. सुरुवातीच्या दहा-बारा मिनिटांतच त्यांच्या मोरसालिननं गोल केला आणि उरलेला सगळा वेळ आपली टीम तो एक गोल फेडायला धडपडत राहिली. बांगलादेशाकडून 22 वर्षांनी हार. आशियाई करंडकाचं दार आधीच बंद झालेलं, त्यामुळे गुणांच्या हिशेबात या हारीला काडीची किंमत नव्हती. पण इज्जतीचा हिशेब वेगळा, आणि कोल्हापूरच्या पेठांत तोच आधी मांडतात.

"खालिदला आजच्या आज हाकला," चहा यायच्या आत पिंट्यानं निकाल दिला. खालिद म्हणजे भारताचा कोच, खालिद जमील.

"हाकला. आणि मग?" गोली म्हणाला. गोली म्हणजे आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा जुना गोलकीपर. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

"मग फॉरेनचा आणा कोणतरी."

"आत्ताच दोन येऊन गेले की रं, मर्दा."

हे खरंच होतं. इगोर स्टिमॅक 2019 ते 2024, पाच वर्षं कोच होता. जानेवारी 2024 च्या आशियाई करंडकात तीन मॅच, तीन हारी आणि गोल शून्य. त्यानंतर विश्वचषक पात्रतेत कतारनं आपल्याला दोहात 2-1 नं बाहेर काढलं. तो विषय निघाला की पिंट्याच्या अंगात येतं.

"त्यांच्या गोलाआधी चेंडू लाईनीच्या भाईर गेलता! आख्ख्या जगानं बघितलंय."

"गेलता, कबूल. पण गुवाहाटीत अफगाणिस्ताननं आपल्याला घरात येऊन 2-1 हरवलं, तवा चेंडू कुठं गेलता?"

यावर पिंट्यानं चहात बिस्किट बुडवलं. बिस्किट तुटून तळाला गेलं.

स्टिमॅकला काढल्यावर तडजोडीपायी भारतीय फुटबॉल महासंघाचे तीन कोटींच्या वर गेले. मग मनोलो मार्केझ. माणूस वाईट नव्हता, पण भारताचा कोच आणि एफसी गोवाचाही कोच, एकाच हंगामात दोन्ही. मास्तर (शाळेतून निवृत्त, पण कट्ट्यावर तास चालूच) म्हणाले, "एका माणसाला दोन तालमींचा कोच केला, तर पेठेत चालेल का? आपल्याकडं दगड पडतील." मार्केझच्या आठ मॅचमध्ये विजय एकच, तोही मालदीवविरुद्ध, शिलाँगमध्ये. त्या एका विजयासाठी निवृत्त झालेल्या चाळिशीच्या छेत्रीला परत बोलावावं लागलं, आणि त्यानं गोलही केला. मला विचाराल तर गेल्या दोन वर्षांतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हीच, ढाका त्याच्यानंतर. छेत्रीचा यात काय दोष? 2024-25 च्या आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, भारतीयांत सगळ्यात जास्त गोल त्याचेच होते, 14. त्याच्यापेक्षा निम्म्या वयाची पोरं मागं राहिली, तर कोच तरी कोणाला बोलावणार?

त्यानंतर हाँगकाँगमध्ये आपल्या आशिकनं समोर मिळालेला गोल सोडला, ज्यादा वेळेत पेनल्टी बसली, 1-0 हार, आणि जुलैत मार्केझही गेला.

मग तो तमाशा. कोचसाठी 170 अर्ज. त्यात झावीचा! बार्सिलोनाचा झावी! परवडणार नाही म्हणून बाजूला ठेवला, अशी बातमी आली, आणि दोन दिवसांत महासंघानंच सांगितलं की ती मेल खरी नव्हती. ग्वार्डियोलाच्या नावानंही एक आली होती म्हणे.

"मीबी टाकायला पायजे होता अर्ज," गोली म्हणाला. "निदान माझी मेल तरी खरी असती."

शेवटी तीन नावं उरली: दोनदा कोच होऊन गेलेला स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्लोव्हाकियाचा तार्कोविच आणि आपला खालिद जमील. आपला म्हणजे मुंबईत महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसीकडून खेळलेला, आणि ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला 2017 ला आय-लीग जिंकून देणारा. 1 ऑगस्टला त्याची निवड झाली. साव्हियो मेदेइरानंतर इतक्या वर्षांनी पूर्णवेळ भारतीय कोच म्हणून आम्ही कट्ट्यावर पेढे वाटले होते. पिंट्यानं दोन खाल्ले होते, हे गोलीनं मुद्दाम काढलं.

"खाल्ले. सुरुवातपण बरी होती. ताजिकिस्तानला 2-1 मारलं, ओमानला टायब्रेकरवर. आणि तिथंच गाडी अडकली. सिंगापूरविरुद्ध घरच्या मैदानावर हरतोय म्हणजे काय?"

त्या मॅचला मी आणि गोली गेलो होतो. 14 ऑक्टोबर, मडगावचं फातोर्डा. कोल्हापुरातून आंबोलीमार्गे सकाळीच निघालो. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगटेनं लांबून असा हाणला की अख्खं स्टेडियम उभं राहिलं. गोली मात्र बसलेला. तो चेंडूकडं बघतच नाही, आपला बचाव बघतो. "झिंगन नाही आज," एवढंच म्हणाला. झिंगन आपला बचावपटू, त्याला आधीच्या सिंगापूरमधल्या मॅचमध्ये लाल कार्ड मिळालेलं. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरचा साँग मोकळा सुटला आणि बरोबरी झाली. दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तोच साँग. 1-2. अर्धा तास हातात होता, पण आपण चेंडू बाजूला देतोय, मागं देतोय, पुन्हा बाजूला. शेवटी कंटाळून लांब फेकतोय. पेटीत, म्हणजे त्यांच्या गोलापुढच्या चौकटीत, त्याच्यावर झेप घेणारा कोणीच नाही.

"हां, तो साँग!" पिंट्याला धागा सापडला. "कोरियात जन्मलेला गडी. सिंगापूरनं नागरिकत्व दिलं, त्यानं आपल्याला दोन गोल दिले. बांगलादेशानं इंग्लंडात वाढलेला हमझा आणला. आपुनच काय म्हणून सोवळं पाळायचं?"

मास्तरांनी कायदा सांगितला. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, खेळायचं तर आधीचा पासपोर्ट सोडावा लागतो. पुणे एफसीच्या इझुमी अरातानं जपानचा सोडला होता. आता रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा सोडला, ढाक्यालाही गेला, पण कागद वेळेत आले नाहीत म्हणून उतरता आलं नाही.

"म्हणजे कागद आणायलापण कोचच जबाबदार?" गोली.

इथं मी तोंड उघडलं. माझं म्हणणं एवढंच की खालिद जाऊन उद्या झावी खरंच आला, तरी त्यालाही हाच प्रश्न पडेल: पेटीत कोणाला उभा करू? आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी. त्यातला एक बचावात, एक मधे, आणि नऊ नंबर, म्हणजे गोल मारायला पुढं उभा असलेला गडी, बहुतेक क्लबांत ठरलेला परदेशीच. आपला पोरगा विंगवर पळतो नाहीतर बाकावर बसतो. आपल्या अनिकेत जाधवचं बघा. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात पुढं खेळलेला कोल्हापूरचा पोरगा, क्लबात गेला आणि विंगर झाला. आणि कशाला लांब जायचं? शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीसुद्धा नायजेरियाचा गडी आणला की त्याला कुठं उभा करतात?

"गोलापुढं," मास्तर म्हणाले.

"आणि वर्गणी सगळ्यात आधी कोण देतो?"

कोणी बोललं नाही. पिंट्या देतो.

पण पिंट्या असा सहजासहजी मरत नाही. "ते सगळं मान्य. आयएसएलला कोणी बोली लावेना, मोहन बागाननं सराव बंद केला, पोरं घरात बसलीत, तेबी मान्य. पण मला सांगा, बांगलादेशात काय ला लिगा चाललीया? हाँगकाँगात चाललीया? त्यांना जमतंय ते आपल्याला का जमंना?"

याला उत्तर कोणाकडंच नव्हतं, माझ्याकडंही नाही. मास्तरांनी भारताचे जुने कोच रहीमसाहेब काढले: 1951 आणि 1962 चं एशियाड सुवर्ण, 56 ला मेलबर्नला चौथा नंबर. हे मास्तर दर हारीनंतर काढतात. बांगलादेश जन्माला यायच्या आधीच्या या गोष्टी आहेत. पण त्यातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी होती, की रहीमसाहेबांकडं टीम 1950 पासून 63 पर्यंत, मरेपर्यंत होती. आपण वर्षा-दीड वर्षात नवा गडी शोधतो.

"म्हणजे खालिदला 13 वर्षं द्यायची?" पिंट्या उसळला.

"दोन दे. करारच दोन वर्षांचा हाय."

"दोन वर्षांत तो पाच बचावपटू लावून शून्य-शून्यचा बादशहा होईल!"

"व्हईना का. शून्य-शून्यला निदान एक गुण तरी मिळतो. काल किती मिळाले?"

शेवटी गोलीनंच हात वर केला. म्हणाला, कोच कोण ते राहू द्या. मार्चमध्ये हाँगकाँगविरुद्ध नऊ नंबर कोण, तेवढं सांगा. छेत्रीचं नाव घेणाऱ्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे.

पिंट्या म्हणाला रहीम अली. सिंगापुरात नव्वदाव्या मिनिटाला त्यानंच बरोबरी करून दिली होती. मास्तर म्हणाले इरफान यादवाड. मी म्हणालो रायन, तर मास्तर म्हणाले तो विंगर आहे. गोली म्हणाला, मग आपल्याकडचे सगळेच विंगर आहेत, त्यातलाच एक धरून मधे उभा करा. पिंट्या रहीम अलीवर अडून बसला, मास्तरांनी त्याचे हंगामातले गोल मोजायला घेतले, आणि चहावाल्यानं स्टोव्ह विझवला तरी दोघांचा आकडा जुळत नव्हता.