लेकराची सीट आईबापाशेजारीच हवी, आणि तीही फुकट

सुट्टीची विमानाची तिकिटं काढायचे दिवस आले की आमच्या बालवाडीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "सीट निवडायचे पैसे भरायचे का? नाही भरले तर मुलांना लांब टाकतात का?" कोणी सांगतं भरू नका, काउंटरवर करून देतात. कोणी सांगतं भरा बाई, नंतर विमानात सगळ्यांच्या पाया पडत फिरावं लागतं. पोटच्या पोराला शेजारी बसवायला वेगळे पैसे लागतात का, हा प्रश्न कुठल्याही आईबापाला पडताच कामा नये. माझं हे मत ठाम आहे, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

ठाण्याच्या नौपाड्यात मी लहान मुलांना शिकवते. तीन ते सहा वर्षांचं मूल अनोळखी जागी काय करतं, हे रोज बघते. त्यामुळे मागच्या दिवाळीत कोचीच्या विमानात जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही. माझी सीट १८ सी, म्हणजे आतल्या वाटेलगतची. वाटेपलीकडे १८ ई वर, दोन अनोळखी माणसांच्या मधे, एक साडेचार-पाच वर्षांची मुलगी. आई २७ व्या रांगेत, तीही मधल्या सीटवर. वडील त्याहून मागे. तिघांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरावर होतं. काउंटरवर त्यांना सांगितलं, गेटवर विचारा. गेटवर सांगितलं, आत क्रूला विचारा. आत एअर होस्टेस बिचारी एकेकाला विचारत होती, "सर, आप पीछे बैठेंगे क्या?"

मुलगी रडत नव्हती. पट्ट्याच्या बकलवर अंगठा दाबत बसली होती, पुन्हा पुन्हा. गाडीतला पट्टा लाल बटण दाबून सुटतो. विमानातला झडप वर उचलून सुटतो. हे त्या लेकराला कोण सांगणार? पाण्याची बाटली आईच्या पिशवीत, आई नऊ रांगा मागे, आणि मागून माणसं बॅगा घेऊन येतच होती.

खिडकीपाशी बसलेला मुलगा म्हणाला, मी या सीटचे पैसे भरलेत. १८ डी वरच्या मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय पसरता यावा म्हणून त्यांनीही कडेची सीट पैसे भरूनच घेतलेली. पुढच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने बोललं, "माणुसकी राहिली नाही." तो मुलगा कानकोंडा होऊन खिडकीबाहेर बघायला लागला. शेवटी आम्ही बायकांनीच तोडगा काढला. मावशी वाट ओलांडून माझ्या १८ सी वर आल्या, त्यांना कडेचीच सीट मिळाली. आई १८ डी वर, लेकीशेजारी. मी २७ मधे. दोन मिनिटांचं काम होतं. त्या विमानकंपनीच्या कॉम्प्युटरकडे त्यासाठी कित्येक दिवस होते.

त्या खिडकीतल्या मुलाला बोल लावणाऱ्यांचा मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही. त्याने काय चूक केली? त्याला जी वस्तू विकली, ती त्याने घेतली. नंतर तीच वस्तू भर विमानात, सगळ्यांदेखत त्याच्याकडून माणुसकीच्या नावाखाली मागितली गेली. आई अगतिक, तो अवघडलेला, क्रू ताटकळलेली, आणि ज्याने हा घोळ घातला तो यातल्या कोणाच्याच समोर नाही. फेसबुकवर दर काही दिवसांनी "सीट बदलायला नकार दिला" अशी पोस्ट फिरते आणि खाली दोन तट पडतात, मुलांवाले आणि बिनमुलांवाले. अहो, भांडण तुमच्या दोघांचं नाहीच. तुम्हाला एकमेकांसमोर उभं केलंय.

आणि हे नियमात बसतं असंही नाही. विमानकंपन्यांवर नियम घालणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेने २३ एप्रिल २०२४ ला स्पष्ट निर्देश दिले आहेत की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाबरोबर सीट दिलीच पाहिजे आणि तशी नोंद ठेवली पाहिजे. सीट निवडीचं शुल्क घ्यायला कंपन्यांना मुभा आहे, पण ती सेवा ऐच्छिक आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी अशी. मग वेब चेक-इनच्या पानावर रंगीत चौकोनांपुढे किमती बघून ज्या आईच्या पोटात गोळा येतो, तिला ही दोन वाक्यं तिथेच ठळक अक्षरांत का दिसू नयेत? चार माणसं, जाऊन-येऊन आठ सीटा. भीतीपोटी भरलेले पैसे ऐच्छिक कसे?

"सॉफ्टवेअरला जमत नाही" हे कारण मला कोणी सांगू नये. तिकीट काढतानाच मूल २ ते १२ वर्षांचं आहे की २ वर्षांखालचं, हे विचारलं जातं. आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत मुलाला बसवायचं नाही, हे तेच सॉफ्टवेअर बरोबर पाळतं. एका बाजूच्या तीन सीटांवर साधारणपणे चारच ऑक्सिजन मास्क असतात, त्यामुळे मांडीवरची दोन बाळं तिथे एकत्र येऊ द्यायची नाहीत, हेही पाळतं. आपली रेल्वेसुद्धा ज्येष्ठांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना लोअर बर्थ शिल्लक असेल तर आपोआप देते, वरती पैसे मागत नाही. वय कळतं, नियम कळतो, रांग कळते. राहिली ती इच्छा.

मास्कचंच घ्या. दर उड्डाणाआधी सांगतात, आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा. ३५ हजार फुटांवर केबिनमधला दाब गेला तर माणूस भानावर राहतो तो जेमतेम अर्धा ते एक मिनिट. नऊ रांगा मागची आई कोणाला मास्क लावणार? विमानाला मान्यता देताना निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतात का, हे तपासलं जातं. खरोखर तशी वेळ आली तर कुठली आई आपलं मूल मागे ठेवून दाराकडे जाईल? ती उलट्या दिशेने धावणार, आणि वाट सगळ्यांचीच अडणार. म्हणजे ज्यांना मुलं नाहीत त्यांच्याही जिवाचा हा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला लोक कचरतात. आम्ही बालवाडीत मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवतो. अनोळखी माणसाजवळ एकटं थांबायचं नाही, हे गाण्यातून, चित्रांतून घोकून घेतो. मग त्याच मुलीला दोन तास पट्टा बांधून अनोळखी मोठ्यांच्या मधे बसवायचं आणि हे फक्त गैरसोयीत मोजायचं?

कंपन्या म्हणतात, वेगळं शुल्क घेतो म्हणून मूळ तिकीट स्वस्त ठेवता येतं. मान्य. खिडकीला घ्या, पाय पसरायच्या जागेला घ्या, पुढच्या रांगेला घ्या. आम्हाला शेवटच्या रांगेत, टॉयलेटला चिकटून बसवलंत तरी हरकत नाही. फक्त मूल आणि त्याचं एक माणूस शेजारी असू द्या. कॅनडात डिसेंबर २०१९ पासून हा नियम वयानुसार बांधून दिला आहे. ५ वर्षांखालचं मूल पालकाच्या शेजारच्याच सीटवर, ५ ते ११ चं त्याच रांगेत आणि मधे एकाहून जास्त सीट नाही, १२-१३ चं फार तर एक रांग पुढेमागे. जादा पैसे नाहीत. आपल्याकडच्या निर्देशात वय आहे, पण "बरोबर" म्हणजे किती जवळ, ते असं मोजून लिहायला हवं.

दुसरी फट पीएनआरची. आपल्याकडे एका कुटुंबाचं तिकीट एकदम निघतं कुठे? बाबांचं ऑफिसने काढलेलं, आईचं आणि मुलाचं वेगळ्या अ‍ॅपवरून, आजीचं तिच्या धाकट्या मुलाने काढून दिलेलं. नातू आजीबरोबर जाणार, पण कागदावर दोघे परके. दोन पीएनआर जोडून घ्यायची सोय फुकट आणि तिकीट काढतानाच असली पाहिजे.

नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं. ठाणे, ऐरोली, पनवेलकडून पहिल्यांदाच विमानात बसणारी कितीतरी कुटुंबं आता तिथून निघतील. त्यांना यातलं काही ठाऊक नसणार, म्हणून लिहून ठेवते. मुलाचं आणि निदान एका पालकाचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. वय खरं टाका. सीट लांब आल्या तर गेटपर्यंत थांबू नका, चेक-इन काउंटरवरच २३ एप्रिल २०२४ चा निर्देश सांगा आणि तिथल्या सुपरवायझरला बोलवायला लावा. तरीही नाही जमलं तर सगळ्यांचे बोर्डिंग पास एकत्र ठेवून फोटो काढा, सीट नंबर आणि पीएनआर दिसतील असा, आणि परतल्यावर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. विमानात कोणी भल्या माणसाने जागा बदलून दिली असली तरीही टाका.